‘फुटणे’ : एका क्रियापदातले अनेक अर्थ कसे वाचावेत आणि कसे योजावेत

साहित्यात एकच जिवंत क्रियापद अनेक अर्थ कसे पेलते हे समजून घ्यायचे असेल, तर एखादेच क्रियापद निवडून चिकाटीने त्याचा माग काढावा. येथे ‘फुटणे’ घेतले आहे, कारण या क्रियापदात नाश आणि जन्म शेजारी शेजारी नांदतात. माठ फुटतो, धरण फुटते, पक्ष फुटतो. आणि पालवीही फुटते, मोड फुटतात, पहाटे तांबडे फुटते.

प्रथम वहीत त्या क्रियापदाचे सगळे कर्ते लिहून काढावेत. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (१९३२ ते १९३८) आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) येथे उपयोगी पडतात. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर हे दोन्ही कोश शोधता येतात. मात्र त्यांत जुने लेखन असल्यामुळे ‘फुटणें’ असा अनुस्वार देऊन शोधावे. कोश अर्थांना क्रमांक देऊन ते वेगळे करतो, तर वाचकाने त्या सर्वांमागची एक हालचाल शोधायची असते. ‘फुटणे’मागची हालचाल अशी : आत काहीतरी दाटते, वरचे आवरण ते सहन करू शकत नाही, आणि आतले बाहेर येते. संस्कृतातील ‘स्फुट्’ या धातूतही भंगणे, उमलणे आणि स्पष्ट होणे या छटा आहेत. शब्दातून अर्थ कसा प्रकटतो हे सांगताना संस्कृत व्याकरणकार भर्तृहरीने याच धातूपासून झालेला ‘स्फोट’ हा शब्द योजला, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

यानंतर विभक्तीकडे पाहावे. खरी किल्ली तेथे आहे. ‘माठ फुटला’, ‘बांध फुटला’, ‘नशीब फुटले’ या वाक्यांत जे भंगते तेच कर्ता असते. ‘झाडाला पालवी फुटली’, ‘गाईला पान्हा फुटला’, ‘त्याला घाम फुटला’, ‘रस्त्याला फाटा फुटला’ या वाक्यांत मात्र आवरण ‘ला’ प्रत्यय घेऊन मागे सरते आणि बाहेर येणारी वस्तू कर्ता होते. म्हणजे एका रचनेत आपण कवचाकडे पाहतो आणि दुसरीत गाभ्याकडे. ‘बिंग फुटले’ आणि ‘पेपर फुटला’ हे प्रयोग या दोहोंच्या सीमेवरचे आहेत, कारण तेथे गुप्तता भंगते आणि मजकूर बाहेर पडतो. संदर्भाचे बळ किती असते, हे ‘डोळा फुटला’ या दोन शब्दांतून कळते : माणसाच्या बाबतीत तो घोर अपघात असतो, तर उसाच्या कांडीच्या बाबतीत उगवणीची आनंदाची बातमी.

लिहिताना या दोन्ही रचना एकमेकींजवळ आणता येतात. ‘वाटणीच्या दिवशी घर फुटले आणि धाकट्याला कंठ फुटला’ या वाक्यात पहिले ‘फुटले’ मोडण्याचे आणि दुसरे उगवण्याचे आहे. क्रियापद तेच असल्यामुळे घर मोडले म्हणूनच धाकटा बोलू शकला, असा कार्यकारणभाव लेखकाने न सांगताही वाचकापर्यंत पोहोचतो, आणि त्या घरात त्याचा आवाज किती काळ दाबलेला होता हेही सूचित होते. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ या संस्कृत काव्यशास्त्रावरील ग्रंथात ज्या सूचित अर्थाचा विचार केला, त्याचे हे साधे उदाहरण मानता येईल. ‘कुटुंब विभक्त झाले आणि धाकटा बोलू लागला’ असे लिहिल्यास घटना तीच राहते, परंतु तिच्यातला हा दुवा नाहीसा होतो. म्हणून संशय आल्यास क्रियापद बदलून पाहावे. बदलूनही काही हरवत नसेल, तर त्या जागी साधे क्रियापदच योग्य आहे.

वापराने गुळगुळीत झालेल्या वाक्प्रचारांबाबत विशेष सावध राहावे. ‘दरदरून घाम फुटला’ वाचताना कोणाला काही फुटल्याची जाणीव होत नाही. अशा वाक्प्रचारात प्राण आणायचा असेल, तर आधीच्या परिच्छेदात मूळची भौतिक क्रिया घडू द्यावी. उदाहरणार्थ, पावसाने फुटलेला बांध आधी दाखवला असेल, तर पुढे त्याच शेताच्या मालकिणीला ‘रडू फुटले’ एवढेच लिहिणे पुरे होते. तेथे उपमा देऊ नये, आणि ‘बांधासारखे’ हा शब्द तर कटाक्षाने टाळावा.