घरचा कॉम्प्युटर : बाजारात जाण्याआधीची तयारी

निघण्याआधी कागदावर तीन गोष्टी लिहून घ्या: कॉम्प्युटरवर नेमकं काय चालणार, मॉनिटर-कीबोर्ड घरात आहेत का, आणि विंडोजचं लायसन्स बजेटमध्ये धरलंय का. तिसरी गोष्ट हमखास राहते आणि सगळा हिशोब तिथेच चुकतो. ब्रँडेड तयार पीसीच्या किमतीत बहुधा विंडोज 11 होम धरलेलं असतं (जाहिरातीत ‘डॉस’ लिहिलं असेल तर नसतं). असेंबल्डच्या (सुटे भाग घेऊन जोडलेल्या पीसीच्या) कोटेशनमध्ये ते वेगळं मागावं लागतं. ‘विंडोज टाकून देतो’ हे वाक्य आलं, की लायसन्सचं बिल मिळणार का ते तिथेच विचारा. विंडोजऐवजी मोफत मिणाऱ्या लिनक्सवर भागत असेल तर हा खर्चच नाही.

मुलांचा अभ्यास, टॅली, कागदपत्रं, यूट्यूब एवढंच काम असेल तर जोडणीच्या फंदात पडू नका. ऑफिसांतून निघालेले डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क किंवा लेनोवो थिंकसेंटर बघा. 2025च्या अखेरीस रॅम महागली तेव्हापासून तर रॅमसकट मिळणारं जुनं मशीन जास्तच परवडतं. मात्र ‘आय5’ एवढ्यावर भुलू नका. आय5-4570 हा 2013चा, आय5-8500 हा 2018चा, आणि पाटी दोघांवर एकच. विंडोज 11ला इंटेलची आठवी पिढी (8500मधला पहिला 8 तोच) किंवा पुढची लागते. विंडोज 10चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025ला संपला. अशा मशीनचा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) बहुधा कंपनीच्या खास मापाचा असतो, गेला तर बाजारातला नेहमीच्या मापाचा (एटीएक्स) बसत नाही. छोट्या कॅबिनेटमध्ये ग्राफिक्स कार्डही कमी उंचीचंच मावतं. म्हणजे पुढेमागे गेमिंग करायचं असेल तर हा रस्ता नको.

मग जोडायचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जा की पुण्याच्या तपकीर गल्लीत, यादी घरूनच न्या. ग्राफिक्स कार्ड आत्ता घ्यायचं नसेल तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असलंच पाहिजे: एएमडीचा रायझन 5 5600जी चालेल, रायझन 5 5500 नाही, इंटेलचा आय3-12100 चालेल, 12100एफ नाही. एका अक्षराच्या फरकाने स्क्रीन काळीच राहते. रॅम 16 जीबीची एक कांडी घेण्यापेक्षा 8 च्या दोन घ्या, कारण दोन कांड्यांनी रॅमचा वेग वाढतो आणि आतलं ग्राफिक्स त्या वेगावरच चालतं. 5600जीसाठी जुना बी450 मदरबोर्ड स्वस्तात मिळत असेल तर बायोस (बोर्डातलं सुरुवातीचं सॉफ्टवेअर) अपडेट केलेला आहे का हे बिलाआधी विचारा; जुना बायोस हा प्रोसेसर ओळखत नाही. साठवणुकीला 500 जीबीची एनव्हीएमई एसएसडी (थेट बोर्डावर बसणारी वेगवान ड्राइव्ह) पुरे. काटकसर कुठेही करा, एसएमपीएसवर नको. कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या डब्यावर 450 वॉट छापलेले असतात, पण लोड आला की तो तेवढे देतोच असं नाही. नावाजलेल्या कंपनीचा, 80 प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवण्याचं प्रमाणपत्र) असलेला घ्या. प्रोसेसर सीलबंद खोक्यातला हवा. सुट्या ‘ट्रे’ नगाला वॉरंटी बहुधा दुकानदाराचीच. प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर जीएसटी बिलावर लिहून घ्या.

जोडताना बोर्ड आधी त्याच्याच खोक्यावर ठेवा. 5600जीसोबतचा पंखा चार स्प्रिंगच्या स्क्रूंनी बसतो. त्यासाठी बोर्डावरचे प्लास्टिकचे दोन ब्रॅकेट काढावे लागतात. ते सुटले की बोर्डामागची पट्टी मोकळी होऊन खाली पडते, म्हणून बोर्ड उचलू नका. स्क्रू थोडे थोडे, समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या जोडीने आवळा. पंख्याला पेस्ट आधीच लावलेली असते, वर आणखी थापू नका. चार स्लॉट असतील तर रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्यात. एसएसडीचा बारीक स्क्रू बोर्डाच्या खोक्यात असतो, खोकं फेकण्याआधी शोधा.

पंखा फिरतोय पण डिस्प्ले नाही, तर आधी प्रोसेसरची 8 पिनची वायर बघा, मग रॅम काढून ‘कट’ आवाज येईपर्यंत पुन्हा दाबा. डिस्प्ले आला की बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवण्याची सेटिंग) चालू करा, नाहीतर 3200ची रॅम बऱ्याचदा 2133 किंवा 2400वरच चालत राहते.

विंडोजसाठी किमान 8 जीबीचा पेनड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरवर आधीच तयार करून ठेवा. स्वस्त बोर्डावर वाय-फाय नसतं आणि विंडोज 11 होमचं सेटअप इंटरनेट मागतं. अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून टेदरिंग (फोनचं इंटरनेट कॉम्प्युटरला देणं) चालू केलं की बहुधा काम होतं. वीज जात असेल तर यूपीएस हवा, पण साधा स्वस्त यूपीएस काही ठरावीक एसएमपीएसशी जुळत नाही आणि वीज जाताच पीसी बंद पडतो. दोन्ही एकाच दुकानातून घेतले तर तिथेच प्लग उपटून दाखवायला सांगा.