जुन्या अ‍ॅडव्हेंचर गेमसाठी इंजिन लिहिताय? या चुका टाळा

पहिली खोली पडद्यावर उमटली आणि नायक चालायला लागला, की अर्धं काम झालं असं वाटतं. खरी कटकट तिथून पुढे सुरू होते. जुन्या अ‍ॅडव्हेंचर गेमच्या मूळ फाइल वाचून ते आजच्या मशीनवर चालवणारं इंजिन म्हणजे स्कमव्हीएम; ते २००१ मध्ये सुरू झालं आणि त्यात अजूनही दुरुस्त्या होतच आहेत, यावरून अंदाज घ्या.

फाइलच्या नावावर विश्वास ठेवणं

एकच गेम डॉस, अमिगा, मॅकिंटॉश आणि एफएम टाउन्स या जपानी संगणकावर वेगवेगळ्या रूपात निघायचा. शिवाय डेमो, सीडी आवृत्ती आणि भाषांतरं वेगळीच. नावं तीच, आतला मजकूर निराळा. म्हणून स्कमव्हीएममध्ये बहुतेक ठिकाणी फाइलच्या पहिल्या ५००० बाइटचा एमडी५ (मजकुरावरून निघणारा ठसा) काढून आवृत्ती ओळखतात. ‘माझ्याकडे चालतो, त्याच्याकडे क्रॅश होतो’ अशी तक्रार आली तर कोड उघडण्याआधी समोरच्याची आवृत्ती कोणती ते विचारा.

डेटा थेट स्ट्रक्टमध्ये (मेमरीतल्या ठरावीक साच्यात) ओतणं

स्कम या लुकासआर्ट्सच्या गेम-प्रणालीच्या पाचव्या आणि सहाव्या आवृत्तीची मुख्य डेटा फाइल हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) उघडली, तर सुरुवातीला %,*/ असला कचरा दिसतो. प्रत्येक बाइट हेक्स ६९ ने एक्सऑर केलेला असतो, म्हणजे त्या आकड्याने त्याचे काही बिट उलटवलेले असतात. तो उलगडला की चार अक्षरी ब्लॉकचं नाव दिसतं. त्यापुढचे चार बाइट म्हणजे ब्लॉकचा आकार, आणि तो बिग-एन्डियन, म्हणजे मोठ्या किमतीचा बाइट आधी. पण आतला बराचसा डेटा लिटल-एन्डियन, म्हणजे नेमका उलटा! पहिलाच ब्लॉक वाचताना प्रोग्रॅम अवाढव्य मेमरी मागू लागला, तर दुसरीकडे कुठे शोधू नका, बाइटचा क्रम चुकलाय. प्रत्येक आकडा क्रम सांगणाऱ्या फंक्शनमधूनच वाचा. स्ट्रक्टवर सरळ कास्ट केलेला कोड तुमच्या मशीनवर चालेल आणि दुसऱ्या प्रोसेसरवर गेला की झोपेल.

रंग आणि आकार

चित्र थोडं मळकट वाटतंय? व्हीजीए या जुन्या पीसी ग्राफिक्स प्रकारात प्रत्येक रंगघटक ६ बिटचा, म्हणजे ० ते ६३. त्याला नुसतं चारने गुणलं तर शुभ्र पांढरा २५२ वर अडतो. वरचे दोन बिट खाली पुन्हा जोडा, २५५ मिळेल. गोल वस्तू बसक्या दिसत असतील तर ३२० × २०० चं चित्र मुळात ४:३ पडद्यावर ताणलं जायचं, हे तुम्ही विसरलात. उंची १.२ पट हवी.

वेळ

सगळ्यात जास्त डोकं इथे खाल्लं जातं. नवशिका माणूस सेकंदाला ६० फ्रेमचा लूप लावतो आणि प्रत्येक फ्रेमला स्क्रिप्ट (गेमच्या फाइलमधल्या सूचना) एकदा चालवतो. मग पात्रं सुसाट धावतात, संवाद वाचायच्या आत गायब होतात. स्कममध्ये सेकंदाचा साठावा भाग हे एकक आहे हे खरं, पण पुढचा फेरा अशा किती एककांनंतर घ्यायचा हे गेमची स्क्रिप्टच एका व्हेरिएबलमध्ये लिहिते. तो आकडा पाळा. पडदा किती वेळा रंगवायचा, हा हिशेब निराळा ठेवा.

सिएरा कंपनीच्या एससीआय या गेम-प्रणालीवरच्या काही गेममध्ये तर सुरुवातीलाच मशीनचा वेग मोजणारी गुपचूप चाचणी असते. आजच्या प्रोसेसरवर ती भलतेच आकडे देते. अशा वेळी त्या चाचणीची स्क्रिप्ट इंजिनमधून पॅच करणंच शहाणपणाचं.

मूळ गेमच्या चुका इंजिनमध्ये ‘सुधारणं’

ही चूक मला सर्वांत महागडी वाटते. एससीआयच्या बऱ्याच स्क्रिप्ट कधीच किंमत न दिलेलं व्हेरिएबल वाचतात. मूळ इंटरप्रिटर (गेमसोबत आलेला, स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) मेमरीत जे काही पडलेलं असेल ते निमूट उचलायचा, आणि गेम नशिबाने चालायचा. तुमचं इंजिन एरर देतं. मोह होतो की अशा वेळी सरसकट शून्य द्यावं. तसं केलंत की एक गेम सुटतो, दुसऱ्यात दार उघडत नाही, आणि ते तुम्हाला शेवटच्या अंकात कळतं. स्कमव्हीएमने यासाठी तक्ता ठेवलाय: कोणता गेम, कोणती खोली, कोणती स्क्रिप्ट, कोणतं मेथड आणि तिथे काय किंमत द्यायची. दिसायला गचाळ, पण चूक आहे त्याच जागी राहते. अंदाजाने किंमत भरू नका. डिसअसेंबलरमध्ये (मशीन कोड वाचता येईल असा करून दाखवणाऱ्या साधनात) मूळ इंटरप्रिटर काय करतो ते बघा.

सेव्ह फाइलबद्दल थोडक्यात: पहिल्या दिवसापासून आवृत्ती क्रमांक लिहा आणि पॉइंटर, म्हणजे मेमरीतल्या जागांचे पत्ते, कधीही साठवू नका.

कायद्याच्या बाबतीत आळस नको. गेमच्या फाइल रिपॉझिटरीत टाकू नका, मूळ गेमचा चोरून बाहेर आलेला सोर्स कोड कुणी पाठवला तरी उघडू नका. चाचणीसाठी ‘बिनीथ अ स्टील स्काय’ घ्या. तो २००३ पासून मोफत आहे. आणि खेळायचा तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत, कारण मधल्या सेव्हवरून सुरू केलं की आधीच्या खोल्यांत न लागलेले फ्लॅग (काय घडून गेलं याच्या खुणा) लपून राहतात.