कोकणात जुनी फोर बाय फोर गाडी घेताना

जुनी गाडी पाहायला गेलेला माणूस साधारणपणे तीन गोष्टी विचारतो: गाडी कोणत्या सालची आहे, किती किलोमीटर चालली आहे आणि कितव्या मालकाकडे आहे. घाटावर या तीन उत्तरांवरून गाडीचा बराचसा अंदाज येतो. रेवदंड्यापासून रेडीपर्यंतच्या पट्ट्यात मात्र तेवढ्यावर विसंबता येत नाही, कारण येथे गाडी किती चालली यापेक्षा ती कोठे उभी होती यावर तिची अवस्था अधिक अवलंबून असते. समुद्रालगतच्या वाडीत, उघड्यावर पाच-सहा पावसाळे काढलेली कमी चाललेली गाडी ही देशावर लाखभर किलोमीटर धावलेल्या गाडीपेक्षा वाईट निघू शकते. म्हणून येथे गाडी तपासण्याचा क्रम बदलावा. प्रथम गाडीच्या खालचा भाग पाहावा, त्यानंतर चारही चाकांना ओढ देणारी यंत्रणा, मग इंजिन, आणि रंग व सीटकव्हर अगदी शेवटी.

फोर बाय फोरची, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ओढ मिळणाऱ्या गाडीची, गरज आहे का, हा प्रश्न घरात बसून आधी सोडवावा. अंगणापर्यंत डांबरी रस्ता असेल आणि प्रवास मुख्यतः महामार्गाने होत असेल, तर जमिनीपासून पुरेशी उंची आणि चांगले टायर असलेली साधी गाडी पुरते; चारचाकी ओढीचे वजन, जादा इंधन आणि जादा देखभाल विकत घेण्याचे कारण नाही. ज्यांच्या घराकडे जांभ्याची निसरडी चढण आहे, ज्यांची कलमे सड्यावर किंवा उतारावर आहेत, किंवा ज्यांना पावसाळ्यात चिखलाच्या वाटेने मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना आणावे-न्यावे लागते, त्यांना ही गाडी खरोखर उपयोगी पडते.

गरज ठरली की प्रकार ठरवावा. स्कॉर्पिओ, सफारी स्टॉर्म, थार यांच्या फोर बाय फोर आवृत्त्यांना स्वतंत्र चेसिस (बॉडीखालचा लोखंडी सांगाडा) आणि 'लो' रेंज (कमी वेग, जास्त जोर देणारी गिअरची पायरी) असते. ही लो रेंज तीव्र चढणीवर आणि खोल चिखलात अत्यंत कामाची आहे. डस्टरची किंवा एक्सयूव्ही ५०० ची चारचाकी ओढीची आवृत्ती चालवायला मोटारीसारखी सुखाची असते, पण तिला लो रेंज नसते आणि पुढील-मागील चाकांमधला कपलिंग हा तिचा नाजूक भाग असतो. फॉर्च्युनरच्या २००९ च्या पहिल्या पिढीत चारही चाकांना ओढ कायम असते, तर २०१६ च्या पिढीत ती चालकाने निवडायची असते. यांपैकी बहुतेक गाड्या त्याच नावाने दोन चाकांच्या ओढीतही विकल्या गेल्या आहेत. मागच्या दारावर चिकटवलेल्या पट्टीवर विश्वास ठेवू नये. आरसीवरील (नोंदणी प्रमाणपत्रावरील) मॉडेलचे पूर्ण नाव वाचावे आणि गाडीखाली पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट (ओढ पोचवणारा दांडा) प्रत्यक्ष पाहावा. एन्डेव्हरसारखी उत्तम गाडी स्वस्तात मिळत असली, तरी फोर्डने २०२१ मध्ये भारतातील उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर केला हे ध्यानात ठेवून, जवळच्या शहरात तिचे सुटे भाग आणि काम जाणणारा मेकॅनिक आहे का, हे आधी विचारावे.

गाडीखाली

गाडी रॅम्पवर चढवल्याशिवाय व्यवहार करू नये. मालक किंवा एजंट यास तयार नसेल, तर दुसरी गाडी पाहावी. हवेतील मीठ पत्र्यावर बसते, ओलावा धरून ठेवते आणि गंज वेगाने पसरवते. त्यातच चेसिसच्या पोकळ भागात साचलेली तांबडी माती पाणी निथळण्याची भोके बुजवते, आणि उन्हाळ्यातही आत ओल राहते. त्यामुळे गंज बहुधा आतून बाहेर येतो. बाहेर फोड दिसू लागला, तेव्हा आतले काम बरेच पुढे गेलेले असते.

चेसिसच्या दोन्ही लांब दांड्यांवर, विशेषतः मागच्या चाकांच्या वर जेथे त्या वाकतात तेथे, लहान हातोडीने हलके ठोकत जावे. निरोगी लोखंडाचा आवाज खणखणीत येतो. पोखरलेल्या जागी तो बद्द येतो आणि पापुद्रे गळतात. पाट्यांचे (स्प्रिंगच्या पानांचे) शॅकल, बॉडी चेसिसवर जेथे टेकते ती रबरे व त्यांचे ब्रॅकेट, डिझेल टाकीचे पट्टे, स्टेपनीचा पाळणा आणि ब्रेकच्या लोखंडी नळ्या या जागा सर्वांत आधी जातात. ब्रेकच्या नळीवर नुसता तपकिरी रंग चढला असेल तर ती बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून घ्यावा. पण चेसिसच्या दांडीला भोक असेल किंवा तिच्यावर पत्र्याचे ठिगळ वेल्डिंग करून बसवलेले असेल, तर गाडी कितीही स्वस्त असो, कुटुंबासाठी घेऊ नये. सगळ्या गाडीचा भार आणि अपघातातला आघात त्या दांडीवर येतो.

खालून ताजा काळा कोट मारलेली गाडी पाहून बरे वाटते, परंतु विक्रीच्या तोंडावर मारलेला कोट बहुतेक वेळा गंज झाकण्यासाठीच असतो. अशा वेळी कोट जेथे पोचत नाही तेथे पाहावे: दारांच्या खालच्या कडांची आतली बाजू, डिकीच्या दाराची खालची शिवण, पायपुसणी आणि त्याखालचा गालिचा उचलल्यावर दिसणारी जमीन. बाहेरच्या पत्र्यावर छोटे लोहचुंबक पातळ कापडातून फिरवावे. जेथे ते धरत नाही तेथे रंगाखाली पुट्टी भरलेली असण्याची शक्यता मोठी आहे.

किनाऱ्यावरील वाळूत घातलेली गाडी ही वेगळीच बाब आहे. पर्यटनाच्या गावांतील अनेक फोर बाय फोर गाड्या लाटांतून फिरवल्या गेलेल्या असतात. हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) आतल्या कोपऱ्यांत आणि ब्रेक कॅलिपरच्या मागे बारीक वाळू, अॅल्युमिनियमच्या भागांवर पांढरी भुकटी आणि वायरींच्या जोडांवर हिरवट थर आढळला, तर ती गाडी खाऱ्या पाण्यात गेली आहे असे समजून पुढे जाऊ नये. मासळी वाहिलेल्या गाडीच्या मागच्या भागाचीही अवस्था अशीच होते, कारण बर्फाचे खारट पाणी थेट जमिनीच्या पत्र्यात मुरते.

पुरात सापडलेली गाडी

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण शहर बुडाले. त्याच सुमारास महाड आणि खेडमध्येही पाणी भरले, आणि असंख्य गाड्या तासन्तास पाण्याखाली राहिल्या. अशा गाड्या दुरुस्त होऊन कालांतराने बाजारात येतात, आणि त्या आपल्याच जिल्ह्यात विकल्या जातील असे नाही. सीटबेल्टचे पट्टे पूर्ण बाहेर खेचून पाहावेत. गुंडाळीच्या आत राहणाऱ्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाची रेघ राहते. सीटच्या रुळांखाली, स्टेपनीच्या खळग्यात आणि फ्यूजच्या डब्यात वाळलेला गाळ शोधावा. सुगंधी फवारा मारलेल्या गाडीच्या काचा बंद करून ती थोडा वेळ उन्हात ठेवावी आणि मग दार उघडून वास घ्यावा. मालकाकडून जुन्या विमा पॉलिसी मागाव्यात आणि मोठा दावा घेतला होता का, हे विमा कंपनीकडून लेखी मिळवण्यास त्यांना सांगावे. पुरातील गाडी महिनाभर व्यवस्थित चालते आणि नंतर एकेक सेन्सर, एकेक कंट्रोल युनिट बंद पडू लागते. एअरबॅगचे युनिट बहुधा जमिनीलगत बसवलेले असते, म्हणून हा धोका मुलाबाळांच्या जिवाशी निगडित आहे. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. तो मुळीच न लागणे हे तो न विझण्याइतकेच वाईट लक्षण आहे.

चार चाकांची ओढ

जुन्या फोर बाय फोर गाड्यांत सर्वाधिक आढळणारा दोष म्हणजे ही यंत्रणा वर्षानुवर्षे वापरलीच गेलेली नसते. मुंबईकर मालकाची गाडी गावच्या पडवीत उभी असते, गणपतीला आणि शिमग्याला तेवढी बाहेर निघते, आणि त्या वेळीही दोन चाकांच्या ओढीवरच चालते. मग लिव्हर जाम होते, बटणाच्या गाडीत मोटर गंजते, आणि व्हॅक्यूमवर चालणाऱ्या हबच्या रबरी नळ्या चिरतात. अशा उभ्या गाडीत उंदरांनी वायरिंग कुरतडलेले असण्याची शक्यताही तपासावी.

तपासणी सैल जमिनीवर, म्हणजे मातीच्या किंवा खडीच्या मैदानात करावी. चालकाने निवडायच्या प्रकारात पुढचे आणि मागचे शाफ्ट एकाच वेगाने फिरण्यास बांधले जातात, तर वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर कापावे लागते. कोरड्या डांबरावर टायर घसरत नाहीत, त्यामुळे तो ताण गिअरांवर येतो आणि चांगल्या गाडीचेही नुकसान होते. प्रथम 'फोर हाय' (चार चाकांची ओढ, नेहमीचा वेग) लावून सरळ चालवावे. डॅशबोर्डवरचा दिवा स्थिर लागला पाहिजे, लुकलुकत राहता कामा नये. नंतर गाडी थांबवून, न्यूट्रलमध्ये 'फोर लो' (चार चाकांची ओढ, लो रेंज) लावावे आणि चढणीवर पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून, अॅक्सिलरेटर न देता गाडी चढते का, हे पाहावे. बाहेर उभ्या असलेल्या सोबत्याने पुढची चाकेही माती उकरतात का, यावर नजर ठेवावी. परत 'टू हाय' (दोन चाकांची ओढ) लावल्यावर यंत्रणा अडखळत सुटत असेल, तर दुरुस्तीचा खर्च मोठा आहे असे धरावे.

मेकॅनिककडून ट्रान्सफर केस (ओढ पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये वाटणारा गिअरचा डबा) आणि दोन्ही डिफरन्शियलच्या (ती ओढ डाव्या-उजव्या चाकांत वाटणाऱ्या गिअरांच्या) तेलाचे थोडे थोडे नमुने काढून घ्यावेत. तापलेले डिफरन्शियल वहाळाच्या थंड पाण्यात उतरले की आतली हवा आकसते आणि हवानळीतून किंवा झिजलेल्या सीलमधून पाणी ओढले जाते. तेल दुधाळ दिसले तर हेच घडले आहे. तेलात चमकदार लोखंडी कण दिसले तर गिअर झिजत आहेत. पुढच्या चाकांमागची रबरी बुटे फाटलेली नसावीत. स्टीअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना 'टक टक' आवाज आला तर सीव्ही जॉइंट (पुढच्या चाकाला ओढ देणाऱ्या दांड्याचा सांधा) गेला आहे, आणि अॅक्सिलरेटर सोडता-दाबता धक्का बसून ठोका ऐकू आला तर प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (सांधे) झिजले आहेत. क्रॉस बदलणे सोपे आणि स्वस्त असते. तेवढ्यासाठी चांगली गाडी सोडू नये.

टायर या गाड्यांत सुरक्षिततेइतकेच यंत्रणेसाठीही महत्त्वाचे आहेत. चारही टायर एकाच मापाचे आणि जवळपास सारखे झिजलेले असावेत, कारण घेरात फरक असल्यास कपलिंगवर सतत ताण येतो. टायरच्या बाजूवरील चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. '२३१९' म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.

इंजिन आणि घाट

इंजिन थंड असतानाच पाहावे, म्हणून मालकास गाडी आधी सुरू करून ठेवू नये असे सांगावे आणि पोचल्यावर बोनेटला हात लावून खात्री करावी. सुरू होताच क्षणभर धूर आला तर चालेल. निळा धूर येत राहिला तर इंजिन तेल जळत आहे, काळा दाट धूर इंजेक्टर किंवा टर्बोकडे बोट दाखवतो, आणि कूलंट कमी होत असताना पांढरा धूर येत राहणे हे हेड गॅस्केटचे लक्षण असू शकते. एसी किमान वीस मिनिटे चालवावा, कारण खाऱ्या हवेत कंडेन्सरच्या बारीक पट्ट्या कुजतात.

चाचणीसाठी जवळचा घाट निवडावा. आंबा, कुंभार्ली, फोंडा किंवा आंबोली, जो सोयीचा असेल तो. घरची माणसे बसवून, भार देऊन चढावे. चढणीवर तिसऱ्या गिअरात जोर दिल्यावर इंजिनचे फेरे वाढले आणि वेग वाढला नाही, तर क्लच संपला आहे. तापमानाचा काटा मध्यावर स्थिर राहावा. उतरताना दुसऱ्या गिअरवर गाडी रोखून धरली गेली पाहिजे, गिअर निसटता कामा नये आणि ब्रेक दाबताना स्टीअरिंग थरथरू नये.

कागदपत्रे

कागदपत्रांत घाई करू नये. परिवहन विभागाच्या पोर्टलवर बोजा (गाडीवरील कर्जाची नोंद), विमा आणि ई-चलन पाहावे. कर्ज असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५, हस्तांतरासाठी फॉर्म २९ व ३०, आणि मालक दिवंगत असल्यास वारसांकडून फॉर्म ३१ लागतो. गोव्याची किंवा दिल्लीची गाडी स्वस्त दिसते, पण फॉर्म २८ (मूळ आरटीओचे ना-हरकत पत्र), महाराष्ट्राचा कर आणि नवा क्रमांक यांचा खर्च तीत मिळवल्यावरच तुलना करावी. १५ वर्षे पूर्ण होत आलेल्या खासगी गाडीची नोंदणी तपासणीनंतर ५ वर्षांसाठी वाढते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्यावा. इसार देताना 'रॅम्पवरील तपासणी समाधानकारक असल्यास' ही अट पावतीवर लिहून घ्यावी.

गाडी घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियल यांचे तेल बदलावे, ग्रीस भरावे, चेसिसची भोके मोकळी करून आतून मेणाचा थर मारून घ्यावा. त्यानंतर महिन्यातून एकदा मातीच्या वाटेवर 'फोर हाय' आणि 'फोर लो' दोन्ही लावून थोडे अंतर चालवावे, म्हणजे वंगण सगळीकडे पोचते आणि जून महिन्यात पहिल्या चिखलात लिव्हर अडत नाही.