बॉल मिलला रबर लाइनर लावताना: लोखंडाची सवय सोडा

मी तुमसरकडचा. तांब्याच्या कॉन्सन्ट्रेटरमध्ये, म्हणजे खनिज दळून त्यातला तांब्याचा भाग वेगळा काढणाऱ्या कारखान्यात, फिटर म्हणून लागलो, फोरमन होऊन निवृत्त झालो. बॉल मिल म्हणजे गोळ्यांनी खनिज दळणारा फिरता ड्रम, आणि लाइनर म्हणजे त्याच्या आतलं, झिजलं की बदलायचं अस्तर. सुरुवातीची वर्षं पोलादी लाइनर उचलण्यात गेली. मग दुसऱ्या टप्प्याच्या, म्हणजे बारीक दळणाऱ्या मिलला रबर आलं. स्वीडनच्या उत्तरेला, शेलेफ्तेओजवळच्या एर्समार्क गावात स्केगा कंपनीने ज्या पद्धतीला आकार दिला, तीच ही: मध्ये प्लेट आणि तिच्या दोन्ही कडा दाबून धरणारा, गोळे वर उचलणारा लिफ्टर बार. बोल्टचं डोकं बारच्या पोटातल्या ॲल्युमिनियम चॅनेलमध्ये अडकतं. तेवढ्याच आकाराच्या पोलादाच्या तुकड्यापेक्षा रबर सहा-सात पटींनी हलकं. पोट्टे खूश झाले. पण हात लोखंडाचेच राहिले, आणि घोटाळे तिथेच झाले.

आधी रबर कुठे लावायचं ते बघा. दुसऱ्या टप्प्याची ओली मिल, रीग्राइंड मिल (पुन्हा दळणारी), पेबल मिल (गोळ्यांऐवजी दगडगोटे वापरणारी) या त्याच्या जागा. मोठे गोळे वापरणाऱ्या पहिल्या टप्प्याच्या मिलला नुसतं रबर सुचवणाऱ्याला मी दोनदा विचारतो. स्लरी (पाण्यात मिसळलेलं दळलेलं खनिज) 80 अंश सेल्सिअसच्या आसपास जात असेल, तर नैसर्गिक रबर नकोच.

मिल थांबली की मेन ड्राइव्हला स्वतःचं कुलूप लावा आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. मिल हळूहळू फिरवणाऱ्या इंचिंग ड्राइव्हचं कुलूप वेगळं. मिल काही दिवस उभी असेल तर आतला चार्ज (गोळे आणि खनिज) ढेपेसारखा घट्ट बसतो. मोकळा न करता पूर्ण वेगाने फिरवलात, तर वर गेलेली ढेप एकदम आदळते.

जुने बोल्ट अडले की सगळे गॅस कटर मागतात. देऊ नका! रबर पेटलं की मिलच्या पोटात काळा धूर कोंडतो आणि बाहेर पडायला एक-दोन अरुंद वाटा. नट फोडायचा स्प्लिटर आणा. वेळ जातो, जाऊ द्या.

शेल, म्हणजे ड्रमची पोलादी भिंत, आतून खरवडून साफ करा. सुकलेल्या स्लरीची एक पापडी राहिली तरी प्लेट उचललेली बसते. बोल्टच्या भोकांभोवती तडे शोधा. प्लेट घट्ट जाते, तेव्हा साबणाचं पाणी लावा. ग्रीस, डिझेल अजिबात नाही. तेलाने नैसर्गिक रबर फुगतं. ओळ पूर्ण बोल्टवर घेतल्याशिवाय मिल फिरवायची नाही, आणि फिरवताना आत एकही माणूस नको.

आता माझी चूक सांगतो. आमच्या लिफ्टरची एक बाजू उतरती होती, ती फिरण्याच्या दिशेने पुढे यायला हवी. रात्रपाळीत मी चार ओळी उलट्या बसवून घेतल्या. सकाळी लक्षात आलं, चारही काढल्या. तेव्हापासून शेलवर बाहेरून खडूचा मोठा बाण काढतो आणि प्रत्येक बारवरही एक. लोक हसले, हसू दे.

लिफ्टर किती उरला ते सरळ पट्टी ठेवून, प्लेटपासून उंची घेऊन मोजा. दर शटडाउनला त्याच जागी मोजा आणि वहीत तारीख घाला. चॅनेल दिसायची वाट पाहू नका. लिफ्टर सपाट झाला की गोळे उचलले जात नाहीत, घसरत राहतात आणि प्लेट खातात. नवा लिफ्टर हवा त्यापेक्षा उंच घेतला, तर गोळे चार्जवर पडायचे सोडून पलीकडच्या लाइनरवर आदळतात. 3 मीटर आतल्या व्यासाच्या मिलचा क्रिटिकल वेग (ज्याला गोळे खाली न पडता भिंतीला चिकटून फिरतात) मिनिटाला साधारण 24 फेरे. तुमची मिल त्याच्या किती टक्क्यांवर फिरते, ते लिफ्टरची ऑर्डर देणाऱ्याला आधी सांगा.

टॉर्क ड्रॉइंगप्रमाणेच. पण पहिला टॉर्क शेवटचा नसतो. रबर दबतं, बोल्ट सैल होतात. पहिल्या पाळीनंतर मिल थांबवून पुन्हा आवळा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. वॉशरखालून स्लरीचा ओघळ दिसला तर लगेच थांबवा, कारण ती धार भोक कापत जाते.

आणि ऑपरेटरला आधीच सांगून ठेवा. पोलादाच्या खणखणाटावरून मिल किती भरली ते ओळखायची त्याला सवय असते. रबर लावल्यावर मिल घुमते, खणखणत नाही. आमचा एक जुना ऑपरेटर पहिल्या दिवशी मला बोलवायला धावत आला होता: मिल रिकामी फिरतेय म्हणून.