कुत्रं अंगावर आलं तर काय करायचं: आधी रस्त्यावर, मग नळाखाली

कुत्र्याच्या हल्ल्यातून वाचण्याचं काम दोन टप्प्यांत करावं लागतं. पहिला टप्पा मिनिटभराचा, रस्त्यावरचा. दुसरा नळाखाली सुरू होतो आणि दवाखान्यात 28 दिवस चालतो. आपण घाबरतो पहिल्याला आणि ढिलाई करतो दुसऱ्यात. जखम बहुतेकदा भरून येते, पण रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून रस्त्यावरचं थोडक्यात सांगतो आणि नंतरचं सविस्तर.

अंगावर येताना दिसलं तर

पळू नका. पळणाऱ्याच्या मागे लागणं हा कुत्र्याचा उपजत स्वभाव आहे आणि मरतुकडं दिसणारं गावठी कुत्रंही तुमच्यापेक्षा जोरात पळतं. जागीच थांबा, हात अंगालगत ठेवा, तोंड त्याच्याकडे असू द्या. मात्र डोळ्याला डोळा भिडवू नका. ते जरा थबकलं की पाठ न फिरवता हळूहळू मागे सरका. टोळी असेल तर भिंत, फाटक, उभी गाडी, जे जवळ असेल त्याला पाठ लावा. समोर भुंकणाऱ्याकडे आपलं लक्ष असतं आणि पोटरी धरतं मागून आलेलं.

जाड, ठाम आवाजात एकदोनदा ‘हाड!’ म्हणा; किंचाळू नका. कुत्रं अजून लांब असेल तर वाकून दगड उचलल्याचं नाटक करा. आपल्याकडच्या भटक्या कुत्र्यांना ही हालचाल चांगली ओळखीची असते आणि बरीचशी तिथूनच मागे फिरतात. पण खरोखर दगड मारू नका, एक केकाटलं की बाकीची चवताळतात. कुत्रं अगदी जवळ आलं असेल तर मुळीच वाकू नका, कारण वाकल्यावर आपला चेहरा त्याच्या तोंडासमोर येतो. आणि भुंकणारं कुत्रं चावत नाही, या म्हणीवर विसंबू नका. ती म्हण माणसांबद्दल आहे.

भाद्रपद-आश्विनात माजावर आलेल्या कुत्रीमागे टोळकी फिरतात, तेव्हा त्यांच्यामधून वाट काढायला जाऊ नका. पुढे दोनेक महिन्यांनी जिन्याखाली, वाळूच्या ढिगाआड पिल्लं दिसायला लागतात. व्यालेली कुत्री एरवी कितीही गरीब असली तरी पिल्लांजवळ ती कोणालाही ओळखत नाही. अशा वेळी सरळ रस्ता बदलावा.

दुचाकीवर असाल तर वेग वाढवू नका आणि लाथ तर अजिबात मारू नका. तोल जाऊन पडण्यात कुत्र्याच्या चाव्याहून जास्त इजा होऊ शकते. वेग कमी करा, मागच्या रहदारीकडे बघून थांबा. गाडी थांबली की पाठलागातली मजा संपते आणि बहुतेक कुत्री तिथेच सोडून देतात. सायकलवरून उतरून सायकल मध्ये आडवी धरता येते.

दात लागलेच तर

हाताला लागेल ते त्याच्या तोंडात द्या: पिशवी, ओढणी, छत्री, हेल्मेट, चप्पल. हात किंवा पाय धरला असेल तर हिसका देऊन ओढू नका, त्याने लचका तुटतो. खाली पडलात तर पोटावर वळून गुडघे पोटाशी घ्या, मुठी आवळून मानेमागे धरा आणि कोपरांनी कान झाका. चेहरा आणि गळा वाचवायचा आहे, बाकीचं सगळं दुय्यम. आजूबाजूच्यांनी काठी घेऊन धावण्यापेक्षा बादलीभर पाणी फेकावं किंवा कुत्र्याच्या तोंडावर चादर, गोणपाट टाकावं.

आता नळाकडे

सुटका झाली की दवाखान्याआधी नळ गाठा. रक्त भळाभळा वाहत असेल तर मात्र स्वच्छ कापड दाबून धरा आणि 108 ला फोन करा. एरवी जखम वाहत्या पाण्याखाली धरून साबणाने 15 मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा, कारण घाबरलेल्या माणसाला दोन मिनिटंसुद्धा पंधरा वाटतात. साबण कुठलाही चालतो, कपड्यांचासुद्धा. रेबीजचा विषाणू लाळेतून जखमेत येतो आणि त्याच्याभोवती एक मेदाचं आवरण असतं. साबण ते आवरण मोडतो आणि पाणी विषाणू वाहून नेतं. अर्धी लढाई इथेच होते आणि तिला काही रुपयेही लागत नाहीत. धुऊन झाल्यावर पोव्हिडोन आयोडिन हे जंतुनाशक लावा.

हळद, चुना, मिरचीपूड, तंबाखू, कॉफी यातलं काहीही जखमेत भरू नका. त्याने विषाणू मरत नाही, उलट चिघळलेल्या जखमेतून तो आत शिरतो. पट्टीही घट्ट बांधू नका. डॉक्टरही अशी जखम शक्यतो लगेच शिवत नाहीत. शिवावीच लागली तर आधी सिरम, म्हणजे रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, आणि मग सैल टाके.

त्याच दिवशी दवाखाना

जखमेचे तीन प्रकार धरतात. धडधाकट कातडीवर नुसतं चाटलं तर पहिला, त्याला धुण्यापलीकडे काही लागत नाही. रक्त न येणारा ओरखडा किंवा कातडी कुरतडणं हा दुसरा, त्याला लस लागते. रक्त आलं, दात रुतले, किंवा लाळ जुन्या जखमेला, डोळ्याला, तोंडाला लागली तर तिसरा. तिथे लस आणि सिरम दोन्ही. लस दिल्यावर शरीराला स्वतःची प्रतिकारशक्ती तयार करायला काही दिवस लागतात. तेवढ्या दिवसांचा पहारा सिरम करतं. म्हणून ते जखमेच्या आत आणि कडेने टोचतात. दुखतं, पण ते दंडात दिल्याने तो पहारा जखमेवर बसत नाही.

लस प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते, सिरम मात्र सगळीकडे नसतं. तिसऱ्या प्रकारची जखम असेल तर थेट उपजिल्हा रुग्णालय, सिव्हिल किंवा महापालिकेचं मोठं रुग्णालय गाठा आणि निघण्याआधी फोन करून सिरम आहे का ते विचारा. नसेल तर पहिली लस तिथेच घ्या आणि सिरमसाठी पुढे जा; पहिल्या लसीनंतर सात दिवसांपर्यंत ते देता येतं.

सरकारी दवाखान्यात लस बहुधा कातडीत देतात, दोन्ही दंडांवर थोडी थोडी: 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी. पहिली सोमवारी घेतली तर पुढची गुरुवारी, मग पुढच्या सोमवारी आणि शेवटची पहिलीपासून चार आठवड्यांनी येणाऱ्या सोमवारी. खासगीत स्नायूत देत असतील तर पाच डोस असतात, 14 व्या दिवशीचा एक जास्त. लस कमरेत घेऊ नका; मोठ्यांना दंडात, लहानग्यांना मांडीच्या बाहेरच्या बाजूला. पोटातली चौदा इंजेक्शनं ही आजोबांच्या वेळची गोष्ट आहे, ती लस देशातून दोन दशकांपूर्वीच गेली. तरी त्या भीतीने दवाखाना टाळणारे अजून भेटतात. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं म्हणजे झालं, असं समजणारेही भेटतात. ते घ्यायचंच असतं, पण त्याचा रेबीजशी संबंध नाही. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, तान्हं बाळ, कोणालाही ही लस वर्ज्य नाही, आणि अंडं-मटण न खाण्याचं पथ्यही नाही.

मुलं ओरखडा लपवतात, कधी ओरडा बसेल म्हणून, कधी सुईच्या धाकाने. लक्षणं दिसायला साधारण एक ते तीन महिने जातात, तोवर घरी ओरखड्याची कोणाला आठवणही नसते. कुत्र्याने नख जरी मारलं तरी सांग, कोणी रागावणार नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. उशीर झाला असेल तर आता काय उपयोग म्हणून घरी बसू नका. लक्षणं नसतील तर महिन्याभरानंतरही लस सुरू करतात.

कुत्र्याचं काय

ओळखीचं असेल तर दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवा. रेबीज असलेलं कुत्रं लाळेतून विषाणू सोडायला लागलं की या मुदतीत आजारी पडतं किंवा मरतं. पण त्याची वाट बघत लस लांबवू नका. लस सुरू करा आणि कुत्रं ठणठणीत राहिलं तर उरलेल्या डोसांचं डॉक्टर ठरवतील. त्याला मारून टाकू नका, मग नजर कोणावर ठेवणार? भटकं असेल तर पालिकेला किंवा ग्रामपंचायतीला कळवा. पाळीव असेल तर मालकाकडून लसीकरणाचा कागद मागा, पण तो बघून स्वतःची लस टाळू नका. मालकाच्या हलगर्जीपणामुळे असं घडलं असेल तर पोलिसांत तक्रार करता येते. भारतीय न्याय संहितेचं कलम 291 त्यासाठीच आहे.

एखादी तारीख चुकली तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, उरलेले डोस पूर्ण करायचे. आणि केसपेपर जपून ठेवा. पुन्हा कधी कुत्रं चावलं, तर पूर्ण लस झालेल्या माणसाला 0 आणि 3 अशा दोनच दिवशी लस घ्यावी लागते आणि सिरम लागतच नाही. फक्त आधीची लस पूर्ण झाली होती हे कागदावर दाखवता आलं पाहिजे.