त्रिनिदादची रेखाटनवही, सराव मांडवीत

क्युबातल्या त्रिनिदादला जाणार असाल तर हात आधी बडोद्यातच बसवून घ्या. मांडवीच्या कमानी आणि तांबेकर वाड्याचं लाकूडकाम त्यासाठी उत्तम.

वही ए-५, शिवलेल्या बांधणीची, ३०० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम) वजनाच्या जाड कागदाची. पातळ कागद पाण्याने फुगतो, खळग्यांत रंग साचतो. वॉटरप्रूफ शाईचं ०.३ मिमी टोकाचं पेन, वॉटर ब्रश (दांड्यात पाणी भरलेला ब्रश) आणि सहा जलरंग पुरेत. पांढरा नकोच, पांढऱ्या जागी कागद कोरा सोडायचा.

त्रिनिदादच्या प्लाझा मायोर या मुख्य चौकात सकाळीच बसा. ऊन डोक्यावर आलं की सावल्या आखडतात, रंगीत भिंती सपाट दिसतात. प्रथम नजरेची रेषा (आपल्या डोळ्यांच्या उंचीची आडवी रेषा), मग छपरांचा उतार, आणि लगेच सावलीची कड, कारण ती सरकते. तिथल्या जुन्या घरांच्या उंच, गजांच्या खिडक्या जवळपास जमिनीपासून सुरू होतात. सवयीने त्या भिंतीच्या मध्यावर काढल्या की अख्ख्या घराचं माप बिघडतं. तिथेच सर्वांत जास्त वेळ द्या. कौलांना बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), त्यांच्या सावलीत थोडा अल्ट्रामरीन (गडद निळा).

दमट हवेत रंग सावकाश वाळतो. ओली वही मिटली तर पानं चिकटतात. क्लिप लावून ती उघडी ठेवा, आणि तोवर समोरच्या पानावर तारीख, वेळ, गल्लीचं नाव लिहा.