गेमचा रिव्ह्यू लिहिताय? मग या चुका टाळा

पुण्यात गेमवर मराठीतून लिहिणारी पोरं गेल्या काही वर्षांत बरीच वाढली. कोथरूड, वाकड, धायरी, निगडी, कुठून कुठून मसुदे माझ्याकडे येतात, "दादा, टाकायच्या आधी एकदा नजर मार ना" म्हणून. मी वाचतो, खुणा करतो, परत पाठवतो. या मुलांना गेमची मनापासून ओढ आहे, लिहायची हौस आहे, आणि मराठीत असं लेखन व्हायलाच हवं असं मला वाटतं. पण चुका त्याच त्या. गेम बदलतो, लिहिणारा बदलतो, चूक बदलत नाही. दर वेळी समासात तेच लिहून हात दुखले, म्हणून एकदाच सगळं इथे मांडतो.

आपण कशावर खेळलो, ते न तपासता गेमला दोष देणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही.

इंजिनिअरिंगच्या एका मुलाने 'सेकिरो'चा रिव्ह्यू पाठवला. गेम २०१९चा, याने सेलमध्ये घेतलेला. मजकूर चांगला होता, जपानी किल्ल्यांचं, बर्फाचं वर्णन तर सुरेख होतं. शेवटी दहापैकी पाच. कारण काय, तर "वार अडवण्याचं टायमिंग बिघडलेलं आहे. बटण वेळेवर दाबलं तरी वार लागतोच." हे वाचून मी थबकलो. त्या गेमचा सगळा डोलारा याच एका गोष्टीवर उभा आहे. शत्रूची तलवार अंगाला लागणार त्या क्षणी आपली आडवी आली की ठिणगी उडते, खणकन आवाज होतो, आणि त्याचा तोल हळूहळू ढळत जातो. ते टायमिंगच बिघडलेलं असतं तर गेम कोणी पूर्ण केलाच नसता.

मी त्याच्या घरी गेलो. हॉलमध्ये भिंतीवर भला मोठा टीव्ही, आजी संध्याकाळी मालिका बघतात तोच, आणि त्यालाच कन्सोल जोडलेला. मी कंट्रोलर घेतला, बटण दाबलं. दाबल्यापासून पडद्यावरचा हात हलेपर्यंत मध्ये गेलेला वेळ नुसत्या डोळ्यांना कळत होता. टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरलो. चित्र 'सिनेमा' मोडवर, हालचाल गुळगुळीत करण्याची सोय पूर्ण चालू. म्हणजे टीव्ही येणारी फ्रेम, म्हणजे एकेक स्थिर चित्र, धरून ठेवत होता, दोन फ्रेमच्या मध्ये स्वतःची एक बनवून घालत होता आणि मग दाखवत होता. मालिकेला याने काही फरक पडत नाही, गेमचा मात्र जीव जातो. सेकंदाला ६० फ्रेम असतील तर एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. टीव्हीने १०० मिलिसेकंद खाल्ले, तर तुम्ही सहा फ्रेम शिळं चित्र बघून बटण दाबताय. फायटिंग गेममध्ये चार फ्रेममध्ये निघणारे ठोसे असतात, तिथे तर हरण्याशिवाय दुसरं काही हातात उरत नाही.

गेम मोड लावला. घोड्यावरचा तो ग्योबू नावाचा बॉस, म्हणजे मोठा शत्रू, पोराला केव्हापासून अडवून बसला होता. आता खण, खण, खण, लागोपाठ वार अडले. पोरगा सोफ्यावरून पुढे सरकला आणि म्हणाला, "दादा, हा वेगळाच गेम आहे!" रिव्ह्यू त्याने मुळापासून पुन्हा लिहिला. पहिला मसुदा तसाच छापला असता तर किती जणांनी तो गेम घ्यायचं टाळलं असतं, याचा विचार करा.

लॅपटॉपवाल्यांचंही तेच. हॉस्टेलच्या खोलीत चार्जर लावायला जागा नाही, म्हणून बॅटरीवर खेळायचं. बॅटरीवर ग्राफिक्स कार्ड हात आखडतं घेतं, गेम अडखळतो आणि रिव्ह्यूत येतं, "ऑप्टिमायझेशन भिकार." नवा गेम टाकला की मी आधी टीव्हीचा गेम मोड बघतो, लॅपटॉप असेल तर चार्जर लावतो, गेम नेमका कोणत्या ग्राफिक्स कार्डावर चाललाय ते बघतो, मगच खेळायला बसतो. रिव्ह्यूच्या पहिल्याच परिच्छेदात मशीन, रॅम आणि सेटिंग लिहितो. वाचणाऱ्याला त्याचा कंटाळा आला तरी चालेल.

याचा उलटा धडा 'सायबरपंक २०७७'ने दिला. डिसेंबर २०२०मध्ये गेम यायच्या आधी समीक्षकांना फक्त पीसीची आवृत्ती मिळाली होती. गुण भरघोस पडले. मग लोकांनी तोच गेम पीएस४ (सोनीचा कन्सोल) आणि एक्सबॉक्स वनवर लावला आणि तो इतका कोलमडला की सोनीने १७ डिसेंबरला तो आपल्या स्टोअरवरून काढून टाकला. परत आला जून २०२१मध्ये. ज्यांनी "मी हा पीसीवर खेळलो, कन्सोलचं मला माहीत नाही" हे ठळक लिहिलं होतं, त्यांचं लेखन टिकलं.

एकाच फूटपट्टीने सगळे गेम मोजणं

ही माझी दुसरी दुखरी नस. एका मुलीने 'फॅक्टोरिओ'वर, म्हणजे यंत्रं आणि पट्टे जोडून कारखाना उभारायच्या गेमवर, लिहिलं होतं: कथा नाही, ग्राफिक्स जुनाट, पात्रं नाहीत, संगीत साधं, एकूण चार. तिच्या आवडीचे गेम म्हणजे मोठमोठे कथाप्रधान गेम, आणि ते तिला खरंच उत्तम कळतात. पण हे म्हणजे सवाई गंधर्वला जाऊन विलंबित ख्याल फार सावकाश होता म्हणून गुण कापण्यासारखं झालं.

मी तिला विचारलं, "हिरवी सर्किटं कुठपर्यंत आली होती?" तर तिने ती हातानेच बनवली होती, पट्ट्यावर आणलीच नव्हती. तिथेच सगळं आलं. एका सर्किटला तांब्याच्या तीन तारा आणि लोखंडाची एक पाटी लागते, आणि तांब्याच्या एका पाटीतून दोनच तारा निघतात. म्हणून सर्किटाच्या दोन यंत्रांमागे तारांची तीन यंत्रं लावावी लागतात. हा हिशोब गेम तोंडाने सांगत नाही. पट्टा रिकामा धावताना दिसतो, तुम्ही मागे मागे जाऊन कुठे अडलंय ते शोधता, तांबं कमी पडतंय हे कळतं, तिथे नवी खाण लावता, तर आता वीज कमी पडते. कथा हीच आहे, आणि ती तुम्ही घडवता. रात्री दोन वाजता "हा एवढा एक पट्टा जोडून झोपतो" म्हणत पहाट होते, ती याच्यामुळे. या गेमचा रिव्ह्यू लिहायचा तर ही साखळी कुठे आनंद देते आणि कुठे नुसती कटकट होते, हे सांगायला हवं. पात्रं नाहीत ही तक्रार इथे गैरलागू आहे.

म्हणून लिहायला घेण्याआधी मी वहीत एकच ओळ लिहितो: हा गेम खेळणाऱ्याकडून काय मागतो? 'सेकिरो' धीर आणि हाताची चपळाई मागतो, 'फॅक्टोरिओ' हिशोब, भयपटाच्या जातीचा गेम अंधार आणि हेडफोन. मग त्या जातीचा निदान एक जुना, नावाजलेला गेम खेळून येतो. फायटिंग गेमवर लिहायचं आणि ऑनलाईन एकही सामना खेळायचा नाही, फक्त स्टोरी मोड संपवायचा, हे चालणार नाही. दरवर्षी येणाऱ्या फुटबॉलच्या गेमवर लिहायचं तर मागच्या वर्षीचा खेळलेला हवा, नाहीतर नवीन काय ते सांगणार कसं? आणि एखादी जात तुम्हाला मुळातच आवडत नसेल तर त्या जातीवर लिहू नका. यात कमीपणा काही नाही.

घाई

स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाईन दुकानात, दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम चौदा दिवसांत परत करता येतो. परिणाम असा की कित्येकांचे "रिव्ह्यू" त्या दोन तासांतच उरकलेले असतात. स्टीम तुमच्या मताशेजारी खेळलेले तास दाखवतं, आणि मी आधी तोच आकडा बघतो. अर्धवट खेळून लिहायला माझी हरकत नाही, लपवायला आहे. "मी तिसऱ्या प्रकरणापर्यंत पोचलो" असं सरळ लिहा, आणि शेवटचा आकडा तेवढा देऊ नका. यूट्यूबवर दुसऱ्याचं खेळणं बघून लिहिणारे मात्र वाचकाला फसवतात. असा मसुदा कळला की मी पुढे वाचत नाही.

पहिल्याच दिवशी टाकायची धडपडही सोडा. मोठ्या साइटींना गेम आधी मिळतो, तुम्हाला नाही. तुमचा रिव्ह्यू दहा दिवसांनी आला म्हणून काही बिघडत नाही, उलट चुका दुरुस्त करणारा पहिला पॅच येऊन गेलेला असतो.

आकड्यांचा खेळ

ग्राफिक्स ८, आवाज ७, कथा ६, गेमप्ले ७, सरासरी ७. हा तक्ता मला दिसला की मी तो खोडतो. टेट्रिसच्या कथेला किती देणार? गेम हे एकत्र जमून आलेलं काम असतं, त्याचे तुकडे करून बेरीज होत नाही.

सगळ्याच गेमना सात ते नऊमध्ये कोंबायची सवय तर फार जुनी आहे. समीक्षकांच्या गुणांची सरासरी दाखवणाऱ्या मेटाक्रिटिक साइटवर गेमचा हिरवा रंग ७५पासून सुरू होतो, त्यामुळे सात म्हणजे पिवळा आणि पिवळा म्हणजे वाईट, असा समज पसरलाय. माझ्याकडे पाच म्हणजे बरा, सात म्हणजे चांगला. पट्टी कोणतीही ठेवा, पण ती एकदा जाहीर करा आणि मग मोडू नका. जपानच्या फामित्सू या गेमच्या मासिकात चार जण प्रत्येकी दहापैकी गुण देतात, आणि ४०पैकी ४० पहिल्यांदा मिळाले ते १९९८मध्ये 'झेल्डा: ओकारिना ऑफ टाइम'ला. एवढी कंजुषी जमली तर उत्तम.

आकड्याने पोटावर पाय येऊ शकतो, हेही ध्यानात असू द्या. 'फॉलआउट: न्यू वेगास' बनवणाऱ्या ऑब्सिडियनचा बोनस मेटाक्रिटिकच्या ८५ गुणांवर ठरला होता. गेमला मिळाले ८४.

आपला आकडा ठरायच्या आधी मेटाक्रिटिक उघडू नका. रागाने एक देऊ नका. मे २०२४मध्ये 'हेलडायव्हर्स २'च्या पीसी खेळाडूंवर सोनीचं खातं जोडायची सक्ती झाली, लोकांनी स्टीमवर नकारात्मक मतांचा पाऊस पाडला आणि सोनीने माघार घेतली. तो निषेध रास्तच होता. पण तो निषेध होता, गेमचं मूल्यमापन नव्हे, आणि तुम्ही दोन्ही एकाच आकड्यात घातलंत तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

आपल्या गावचा गेम

'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा. २०१७मध्ये किकस्टार्टरवर, म्हणजे लोकांकडून वर्गणी गोळा करायच्या साइटवर, पुरेसे पैसे जमले नाहीत, तरी गेम २०२०मध्ये बाहेर पडला आणि त्या वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण त्याच्यावरचे इथले मसुदे दोनच प्रकारचे येतात. एकात "आपला गेम आहे, दहापैकी दहा", दुसऱ्यात "आपल्याकडे कुठे जमतंय असलं काही". दोन्ही आळशी आहेत. पहाडी चित्रशैलीवर बेतलेल्या भिंती आणि सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेली कथा यांचं मनापासून कौतुक करा. गेम लहान आहे, शेवट मध्येच तुटतो, मारामारीत तोचतोचपणा येतो, हेही लिहा. आणि कोणती आवृत्ती खेळलात ते सांगा, कारण २०२२च्या एन्हान्स्ड एडिशनमध्ये हिंदी संवाद आले आणि लढाईतही सुधारणा झाल्या. बनवणारे तुमच्यापासून चार किलोमीटरवर बसतात म्हणून त्यांना खोटं सांगायचं कारण नाही. त्यांना नेमकी टीका हवी असते.

थोडक्यात आणखी काही

"इमर्सिव्ह अनुभव", "मस्ट प्ले", "व्हिज्युअली स्टनिंग" हे शब्द दिसले की काढा आणि तिथे गेममधला एक प्रसंग लिहा. शेवट फोडू नका, ट्रेलरमध्ये असला तरी. गेम फुकट मिळाला असेल तर ते वरच सांगा. किंमत रुपयांत लिहा, आणि कोणत्या तारखेची ते.

एकदा लिहिलं की हात झटकणं

गेम आता विकल्यावरही बदलत राहतात. 'टेक्केन ८' हा फायटिंग गेम जानेवारी २०२४च्या शेवटी आला, आणि त्यातलं खऱ्या पैशांचं दुकान महिनाभराने उघडलं. तोवर सगळे रिव्ह्यू छापून झाले होते, आणि एकातही त्या दुकानाचा अनुभव असणं शक्य नव्हतं. उलट 'नो मॅन्स स्काय'. २०१६मध्ये लोकांनी त्याला झोडपलं, बनवणारे वर्षानुवर्षं फुकट अपडेट देत राहिले, आणि २०२४मध्ये स्टीमवरचं त्याचं एकूण मत 'व्हेरी पॉझिटिव्ह' झालं.

म्हणून प्रत्येक रिव्ह्यूखाली खेळल्याची तारीख आणि गेमचा आवृत्ती क्रमांक टाका. तो बहुतेक वेळा मुख्य मेनूच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत असतो, खेळताना फोटो काढून ठेवा. पुढे मोठा बदल झाला तर जुना मजकूर खोडू नका, आकडाही गुपचूप बदलू नका. खाली नवी तारीख घालून चार ओळी जोडा: काय बदललं, तुम्ही ते स्वतः खेळलात का, आणि आज कोणी विचारलं तर घे म्हणाल की थांब म्हणाल.